सूर्यास्ताच्या उजेडात गाडीचा फोटो: अनेक एक्स्पोजर जोडताना काय सांभाळायचं

प्रश्न असा आहे: सूर्यास्तासमोर गाडी उभी करून फोटो काढला की आकाश नीट येतं तेव्हा गाडी काळी पडते, गाडी नीट येते तेव्हा आकाश पांढरं होतं. पाच एक्स्पोजर (त्याच दृश्याचे कमीजास्त उजेडाचे फोटो) घेऊन एचडीआर केलं, म्हणजे ते सॉफ्टवेअरने आपोआप एकत्र केले, तर गाडी प्लास्टिकची वाटते आणि टपाभोवती पांढरी किनार दिसते. चुकतंय कुठे?

चूक बहुतेक वेळा सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीच झालेली असते. एचडीआरला प्रत्येक पिक्सेलवर उजेड किती आहे एवढंच कळतं. डोंगर, झाडं, माती यांना तेवढं पुरतं, कारण त्यांचा रंग त्यांचा स्वतःचा असतो. गाडीचं तसं नाही. रंगावरचा क्लिअर कोटचा थर हा आरसा आहे, आणि आपल्याला गाडीचा आकार कळतो तो मुख्यतः या आरशात पडलेल्या आकाशामुळे आणि क्षितिजामुळे. एचडीआरने सगळ्या पातळ्या सपाट केल्या की हे प्रतिबिंब मरतं आणि पत्रा प्लास्टिकसारखा दिसायला लागतो. म्हणून गाडीसाठी एक्स्पोजर जोडताना ‘हा भाग किती उजळ हवा’ हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी विचारा, ‘या भागात कशाचं प्रतिबिंब हवं, आणि ते वरच्या आकाशाशी पटतं का?’ पुढचं सगळं याच एका प्रश्नाभोवती फिरतं.

जागेपासून सुरुवात करू. गाडीच्या मागे काय दिसतं हे सगळेच बघतात. त्यानंतर पाठ फिरवून कॅमेऱ्याच्या मागे काय आहे ते बघा, कारण तुमच्याकडे तोंड असलेली दारं आणि मडगार्ड तेच दाखवणार आहेत. दाराच्या मधोमध जी आडवी धार जाते, तिच्या वरचा पत्रा थोडा आकाशाकडे कललेला असतो, त्यात आकाश दिसतं. खालचा पत्रा जमीन दाखवतो. मध्ये क्षितिजाची रेघ उमटते. कॅमेऱ्यामागे मोकळं मैदान किंवा लांबचं सरळ क्षितिज असेल तर ही रेघ स्वच्छ, सलग येते. झाडं, खांब, कुंपण, दुसरी गाडी असेल तर दारावर काळे डाग आणि उभ्या रेघा येतात, आणि कितीही एक्स्पोजर जोडले तरी त्या जात नाहीत. सूर्यास्त गाडीच्या मागे असेल तर दारात पूर्वेचं आकाश पडतं. सूर्य मावळल्यावर काही मिनिटांनी तिकडे क्षितिजाजवळ गुलाबी पट्टा आणि त्याखाली निळसर पट्टा दिसतो. आकाश निरभ्र असेल तर गाडीच्या बाजूला यापेक्षा चांगला उजेड मिळत नाही.

सूर्य अगदी गाडीच्या पाठीमागे घेऊ नका. गाडी पुढून पाऊण कोनात (नाक आणि एक बाजू दोन्ही दिसतील अशी) उभी करा आणि सूर्य मावळण्याची जागा तिच्या नाकाच्या बाजूला ३० ते ४५ अंश सरकलेली ठेवा. मग बोनेटवर आणि टपाच्या कडेवर उजेडाची पट्टी चालते आणि आकार सुटा होतो. पुढची चाकं अशी वळवा की रिमचा चेहरा कॅमेऱ्याकडे येईल, टायरची नक्षी नव्हे. लेन्स ७० ते १०० मिलिमीटरच्या आसपास (फुल फ्रेमवर), कॅमेऱ्याची उंची हेडलाइटच्या रेषेत किंवा जरा खाली. २४ मिलिमीटरने जवळून काढलं तर नाक फुगतं आणि मागचं चाक बारीक होतं.

कॅमेऱ्याची मांडणी एकदाच करायची आणि मग तिला हात लावायचा नाही. आयएसओ १००, एफ ८, पूर्ण मॅन्युअल, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर बांधून टाका. ऑटो ठेवलात तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल आणि नंतर जोडताना मास्कच्या (फ्रेमचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या झाकणाच्या) कडा रंगावरून उघड्या पडतील. फोकस जवळच्या हेडलाइटवर घ्या, मॅन्युअलवर टाका आणि फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद. शटर रिमोटने, किंवा २ सेकंदांच्या टायमरने. उजेड कमीजास्त करायचा तो फक्त शटरने. अपर्चर बदललं की धूसरपणा आणि दिव्यांच्या चांदण्या दोन्ही बदलतात, मग फ्रेम एकमेकांवर बसत नाहीत. ट्रायपॉड वाळूत किंवा मऊ मातीत असेल तर प्रत्येक पायाखाली फळी ठेवा. अर्ध्या तासात तो नकळत काही मिलिमीटर खचतो.

गाडी हलते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. दार उघडून आत बसलात, दिवे लावलेत आणि उतरून दार लावलंत, तर सस्पेन्शन आधीच्या जागी बरोबर परतेलच असं नाही. टपाची कड दोन-चार पिक्सेल वरखाली होते आणि तिथेच दुहेरी रेघ दिसते. म्हणून दिवे शक्यतो किल्लीच्या रिमोटने लावा. आत जावंच लागलं तर त्यानंतर दिव्यांच्या फ्रेमबरोबर बॉडीचीही एक फ्रेम पुन्हा घ्या. हँडब्रेक ओढलेला असावा, इंजिन बंद असावं, आणि आतला दिवा विझेपर्यंत थांबावं. हॅलोजनचे दोन दिवे मिळून ११० वॉट घेतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९ अँपिअरच्या आसपास. चाचण्या करताना ते चालू ठेवून विसरू नका.

आता वेळ. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, म्हणून क्षितिजापासून सहा अंश खाली जायला २० ते २५ मिनिटं लागतात. ध्रुवांकडे जावं तसा तो तिरका उतरतो आणि ही मुदत वाढते. जोडायच्या जवळजवळ सगळ्या फ्रेम या मुदतीत घ्यायच्या असतात, त्यामुळे चाचण्या आणि गाडी पुसणं सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी संपलेलं असावं.

पहिला गठ्ठा सूर्य क्षितिजावर असतानाचा. एफ ८ आणि आयएसओ १०० ला आकाशासाठी शटर साधारण १/१२५ च्या आसपास येतं. त्यापासून दोन-दोन स्टॉपने उतरा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा): १/१२५, १/३०, १/८, १/२. एकेक स्टॉपच्या सात-आठ फ्रेम घेण्यात अर्थ नाही, रॉ फाइल दोन स्टॉपचं अंतर सहज भरून काढते. सूर्य थेट फ्रेममध्ये असेल तर आणखी एक फ्रेम घ्या ज्यात लेन्सपुढे बोट धरून सूर्यबिंब झाकलेलं आहे. लेन्समध्ये उजेड पसरून गाडीवर जो धुरकट पडदा येतो तो त्या फ्रेममध्ये नसतो. गाडीचा कॉन्ट्रास्ट तिच्यातून घ्या, सूर्य दुसरीतून.

दुसरा गठ्ठा सूर्यास्तानंतर ५ ते १५ मिनिटांनी, आणि बॉडीसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. सूर्य नसतो, सावल्या मऊ असतात, सगळं आकाश एका भल्यामोठ्या सॉफ्टबॉक्ससारखं (स्टुडिओतल्या मऊ उजेडाच्या पेटीसारखं) काम करतं. इथे दर दोन मिनिटांनी चार फ्रेमचा संच घेत राहा. कोणत्या क्षणी दारावरचा गुलाबी पट्टा सर्वांत सुंदर होता हे जागेवर ठरवता येत नाही, स्क्रीनवर शांतपणे बघितल्यावर कळतं. मधूनमधून पत्र्यावर हात फिरवून पाहा. तापमान उतरलं की टप आणि काचांवर दव धरतं, प्रतिबिंब दुधाळ होतं, आणि आधीच्या फ्रेमशी ते जुळत नाही. मायक्रोफायबरचं कोरडं कापड जवळ असू द्या आणि पुसताना गाडीवर रेलू नका.

याच वेळात पोलरायझरच्या (लेन्सपुढे लावून फिरवता येणाऱ्या, चमक अडवणाऱ्या फिल्टरच्या) फ्रेम काढून घ्या. पोलरायझर काच आणि क्लिअर कोट यांच्यावरची चमक कापतो, क्रोमवर त्याचा परिणाम होत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनात बघितलं तर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या कोनात असल्यामुळे फिल्टरच्या एका स्थितीत सगळं साफ होत नाही. एक फ्रेम समोरची काच साफ दिसेल अशी, एक बाजूची दारं साफ दिसतील अशी, आणि एक फिल्टर काढून. तिसरी फ्रेम हवीच, दोन कारणांसाठी. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन केलेल्या असतात आणि पोलरायझरमधून त्यांच्यावर कधी कधी ठिपक्यांची नक्षी उमटते. शिवाय बोनेटवरची चमक पूर्ण गेली तर बोनेट सपाट काळा पत्रा होतो. चमक निम्मीच कापलेली बरी. फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो, तेवढं शटर वाढवा.

तिसरा गठ्ठा दिव्यांचा, १५ ते २५ मिनिटांनी. दिवे चालू करून पुन्हा चार फ्रेम, पण आता कमी एक्स्पोजरच्या बाजूला एकदोन जास्त, कारण लो बीमची आतली रचना दिसायला १/६० किंवा १/१२५ लागू शकतं. इथे एक अडचण येते. बऱ्याच गाड्यांचे एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान शटरला ते अर्धवट पेटलेले किंवा पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. तसं झालं तर १/३० वर या आणि उजेड एनडी फिल्टरने (लेन्सपुढच्या राखाडी काचेने) कमी करा. हेडलाइट आणि टेललाइटच्या फ्रेम वेगळ्या घ्या, दोघांना लागणारं एक्स्पोजर क्वचितच सारखं असतं.

चौथा गठ्ठा ऐच्छिक आहे: एलईडी ट्यूबने गाडी रंगवणं. आधी ट्यूब न लावता ८ सेकंदांची एक फ्रेम घ्या. गाडी जवळजवळ काळी दिसली तर सुरू करा, नाहीतर पाच मिनिटं थांबा. नंतर काळे कपडे घातलेला माणूस ६० ते १२० सेंटिमीटरची ट्यूब आडवी धरून, गाडीपासून मीटरभर अंतरावर, नाकापासून डिकीपर्यंत एकसारख्या वेगाने चालत जातो. चार-साडेचार मीटरची गाडी ६ ते ८ सेकंदांत. ट्यूब कॅमेऱ्याकडे कधीच वळू नये. वेग अडखळला की दारावरच्या उजेडाच्या पट्टीत गाठी पडतात, मग ती फ्रेम टाकून द्या. एक फेरी गाडीच्या खांद्याच्या रेघेसाठी (खिडक्यांखालून जाणाऱ्या आडव्या धारेसाठी), एक टपाच्या पलीकडून टपाच्या कडेसाठी, एक बोनेटवरून, एकेक प्रत्येक चाकासाठी. साधा छोटा फ्लॅश वापरू नका. आरशात छोटा दिवा छोटाच दिसतो, पत्र्यावर पांढरा ठिपका येतो आणि बाकीचा पत्रा अंधारातच राहतो.

आता जोडणी. सगळ्या रॉ फाइल्सना एकच व्हाइट बॅलन्स आणि एकच लेन्स करेक्शन द्या. एकीला दिलं आणि दुसरीला नाही, तर कोपऱ्यात फ्रेम जुळणार नाहीत. १६ बिटमध्ये उघडून लेअर म्हणून एकावर एक ठेवा. ऑटो अलाइन आंधळेपणाने चालवू नका. ढग सरकलेले असले की ते कधी कधी ढगांना धरून गाडी वाकवतं. आधी १०० टक्क्यांवर रिमची कड बघा, जुळत असेल तर अलाइनची गरजच नाही.

सर्वांत खाली दुसऱ्या गठ्ठ्यातली बॉडीची फ्रेम. तिच्यावर आकाश. इथेच ती पांढरी किनार जन्माला येते, आणि तिची कारणं दोन. पहिलं, मोठ्या मऊ ब्रशने मास्क केल्यामुळे उजळ फ्रेममधलं जळलेलं आकाश टपाच्या कडेला पिक्सेलभर उरतं. टपाची कड पेन टूलने आखा आणि फेदर (कडेचा मऊपणा) अर्धा ते एक पिक्सेल ठेवा. झाडं आणि गवत असलेल्या क्षितिजावर मात्र पेन टूल चालत नाही, तिथे उजेडाच्या पातळीवरून बनवलेला मास्क हवा. दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. उजळ फ्रेममध्ये आकाशाचा उजेड लेन्समधून सांडून टपाच्या काठावर चढलेला असतो. मास्क कितीही अचूक असला तरी तो काठ धुरकटच. उपाय असा की टपाचा शेवटचा ५ ते १० पिक्सेलचा काठ आकाशाच्या कमी एक्स्पोजर फ्रेममधूनच घ्यायचा. तिथे त्या काठावर उजेडाची बारीक रेघही नैसर्गिकपणे आलेली असते, ती जपा.

आकाश कुठल्या क्षणाचं घ्यावं? मोह होतो तो सूर्य टेकला होता तेव्हाचं तांबडं आकाश घेण्याचा. पण बॉडीची फ्रेम दहा मिनिटांनंतरची असेल, तर टपावर आणि बोनेटवर निळं-जांभळं आकाश आहे आणि वर मात्र केशरी. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाडी चिकटवल्यासारखी वाटते. दोन फ्रेममधलं अंतर चार-पाच मिनिटांत ठेवा. त्याहून जास्त असेल तर बोनेट आणि टपही जुन्या आकाशाच्याच वेळच्या फ्रेममधून घ्या, दारं मात्र नंतरच्या फ्रेमची चालतील, कारण दारांत पूर्वेचं आकाश आहे. रंगाचा लेअर टाकून बोनेट केशरी करता येतं, पण १०-१५ टक्क्यांच्या पुढे ते मेकअपसारखं दिसतं.

काचांमधून पलीकडचं आकाश दिसत असेल तर तिथेही नवं आकाश हवं. हे विसरल्यामुळे खिडकीत पांढरं आकाश आणि बाहेर केशरी असे फोटो सर्रास दिसतात. काच उजेड थोडा अडवते, म्हणून तिथलं आकाश बाहेरच्यापेक्षा जरा गडद ठेवा.

ट्यूबच्या फ्रेमना ‘लाइटन’ हा ब्लेंड मोड (लेअर खालच्यात मिसळायची पद्धत) लावा. हा मोड लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे तपासतो आणि प्रत्येकातला उजळ आकडा घेतो. त्यामुळे खालची फ्रेम केशरी आणि ट्यूब थंड निळसर असेल, तर लाल एका फ्रेममधून आणि निळा दुसरीतून उचलला जाऊन पत्र्यावर गुलाबी छटा उगवते. ट्यूबचा रंग आधीच ४००० ते ४५०० केल्विनवर आणा, किंवा ‘लाइटर कलर’ मोड वापरून बघा. दुसरं म्हणजे, लाइटन प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ पिक्सेल निवडतो, म्हणजे अंधारातल्या नॉइजचेही उजळ कणच निवडतो. आठ-दहा फ्रेम रचल्या की टायर आणि चाकाची पोकळी राखाडी दिसायला लागते. प्रत्येक ट्यूब-फ्रेमच्या लेव्हल्समध्ये इनपुटचा काळा स्लायडर जरासा उजवीकडे ओढा आणि जिथे ट्यूब फिरलीच नाही तो भाग काळ्या मास्कने झाका.

चाकं आणि पुढची जाळी उजळ फ्रेममधून, पण ब्रशचा फ्लो १० ते २० टक्के ठेवून, थांबत थांबत. गाडीखालची सावली अजिबात उजळू नका. टायर जमिनीला टेकतो तिथला काळोखच गाडीला वजन देतो, तो गेला की गाडी तरंगते. हेडलाइटची काच कमी एक्स्पोजरच्या फ्रेममधून घ्या, आणि जमिनीवर पडलेला त्यांचा उजेड लांब एक्स्पोजरमधून ३०-४० टक्के ओपॅसिटीने. फक्त दिवा पेटलेला आणि जमीन कोरडी अंधारी, असं दिसायला नको.

किती उजळायचं याचं माप पत्र्यातच आहे. क्लिअर कोट समोरून बघितला तर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ४ टक्के परतवतो, अगदी तिरक्या कोनात मात्र पुष्कळ. म्हणजे टपाच्या लांबच्या काठावर आकाश जवळजवळ जसंच्या तसं दिसू शकतं, पण दारावरचं प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा स्पष्टपणे गडदच असणार. सूर्याकडे पाठ असलेली बाजू आकाशापेक्षा कमीत कमी एक ते दीड स्टॉप गडद ठेवा. पांढरी गाडी असली तरी. ट्यूबची पट्टी याला अपवाद आहे, कारण तिथे खरोखर वेगळा दिवा आहे.

सगळे लेअर बसले की एकत्र करून मगच अखेरचा रंग द्या, म्हणजे तो सगळ्या भागांना सारखा लागतो. धूळ, दारावरचं ट्रायपॉडचं प्रतिबिंब, रिममधला तुमचा चेहरा हे आता काढा. फोटो ८ बिटच्या जेपेगमध्ये नेताना आकाशाच्या छटांत पायऱ्या पडतात. त्याआधी आकाशावर एक-दोन टक्के मोनोक्रोम ग्रेन टाका आणि मग एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन वापरतात त्या रंगपद्धतीत) रूपांतर करा.